वेदीवरचा रुमाल

माझ्या नवऱ्याबद्दल कुणालाही विचारा. नाकासमोर चालणारा माणूस, असंच सगळे सांगतील. खोटं नाही ते. तो चालतो नाकासमोर आणि मी पडले बाजूला, त्यामुळे इतक्या वर्षांत मी त्याला दिसलेच नाही. दारू नाही, बाई नाही, हात उगारणं नाही, आवाज चढवणं नाही. आवाज चढवायचा तर आधी काढावा लागतो. सकाळी 'चहा', रात्री 'दिवा', आणि मधे काही लागलं तर घसा खाकरणं. त्या खाकरण्यांचे प्रकार मला आता पाठ झालेत. मिठाचं वेगळं, टॉवेलचं वेगळं, दार लावून घ्यायचं वेगळं.

नणंद म्हणते, "माझा भाऊ म्हणजे हिरा आहे, वहिनी." असेल. हिरा गार असतो, त्याच्यावर ओरखडा उमटत नाही, आणि गिळला तर माणूस मरतो. शेजारणी म्हणतात, घरोघरी मातीच्या चुली. अहो, पण चूल निदान पेटते तरी! लग्न होऊन दूर गेलेली मुलगी फोनवर विचारते, "मम्मी, पप्पा काय म्हणतात?" मी म्हणते, "काय म्हणणार? भिंत काय म्हणते?" ती हसते. तिला वाटतं आई विनोदी आहे.

त्याचं चष्म्याचं दुकान आहे, चर्चसमोरच, रस्त्याच्या पलीकडे. मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र, पुढे आरसा आणि गिऱ्हाइकाची उंच खुर्ची. दिवसभर हा गृहस्थ परक्या बायकांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघतो आणि त्यांच्या कानांमागे बोटं घालून दांड्या नीट बसवतो. घरी आला की स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवतो. म्हणजे मी होते त्याहून आणखी धूसर.

तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते आणि मनात 'अरे'. लग्नात आईने शिकवलेलं 'अहो' जिभेवर बसलं ते बसलं. देवाला मात्र मी पहिल्यापासून 'तू' म्हणते. जवळचा कोण आणि लांबचा कोण, ते आमच्या भाषेला बरोबर कळतं.

मी काही मोठी देवभोळी बाई नव्हते. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायचं, उठायचं-बसायचं, आमेन म्हणायचं आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागायचं, इतकंच. नवरा तर मुलीच्या लग्नानंतर चर्चची पायरीच चढला नाही. विचारलं तर म्हणाला, "तुझं तू जा." मुलगी गेली आणि घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी बरं वाटायचं. अशा एका संध्याकाळी कामावरून येताना मी चर्चमध्ये शिरले. प्रार्थना करायला नव्हे, नुसती बसायला. वेदीमागच्या खोलीतून एक म्हातारी सिस्टर बाहेर आली आणि तिने मला एकच प्रश्न विचारला. "इस्त्री येते का गं?"

मी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर आहे. परक्यांच्या चादरी, परक्यांचे शर्ट, परक्यांचे डाग. मी म्हटलं, "दुसरं काही येतच नाही."

तिने मला वेदीवरच्या कपड्यांचं काम शिकवलं. त्यातला मुख्य कपडा म्हणजे मिस्सेच्या वेळी ज्याच्यावर पवित्र भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला ठेवतात तो. फादर त्याला कॉर्पोरल म्हणतात. आम्ही बायका नुसतं रुमाल म्हणतो, कारण दिसतो तो रुमालच. पांढरा, चौकोनी, मधोमध नखाएवढा लाल क्रूस. त्याची घडी चार पदरी घालायची नसते. तीन आडवे भाग, तीन उभे, आणि सगळं आतल्या अंगाला दुमडलेलं. "आत का?" मी विचारलं होतं. सिस्टर म्हणाली, "भाकरीचा कण राहिला असला तर तो आत राहतो. सांडत नाही. आणि धुताना पहिलं पाणी मोरीत टाकायचं नाही, मातीत ओतायचं. कणसुद्धा गटारात जाता कामा नये."

ते ऐकून मला रडू आलं होतं. एका कणाची एवढी काळजी करणारं या जगात कुणीतरी होतं, आणि मी अख्खी बाई माझ्या घरात सांडले होते तरी कुणी केरसुणीसुद्धा घेऊन आलं नाही.

पुढे सिस्टरची दुसरीकडे बदली झाली आणि जाताना तिने त्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. घरी दाराशेजारच्या खिळ्यावर मी ती अडकवायची. त्या किल्लीवर मी जगत होते असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल. शनिवारी संध्याकाळी मी ती खोली उघडायची, इस्त्री तापायला लावायची, मधलं दार सताड उघडं ठेवायची. तिथून वेदीजवळचा तांबडा दिवा दिसतो. तो दिवा आहे म्हणजे प्रभू घरात आहे. मी कपड्यावर पाण्याचा हबका मारायची आणि त्याच्याशी बोलायची. आज हॉटेलात कोण काय म्हणालं, मुलीला दिवस गेलेत की काय असं मला का वाटतं, गुडघा कसा दुखतो. तो बोलायचा नाही. घरचाही बोलत नाही आणि हाही बोलत नाही, पण याच्या न बोलण्यात मी होते. माझं सगळं बोलणं कुठेतरी जाऊन पोचतंय असं वाटायचं. परतताना पाय हलके व्हायचे. याला श्रद्धा म्हणतात की बायकांचं वेड, ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही.

आता ज्यांना हे माहीत करून घ्यायचं होतं त्यांच्याबद्दल.

चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई. त्यांना मी मनात मोठी मेणबत्ती म्हणते. उभ्या ताठ, डोक्यावर कायम काहीतरी जळत असतं, आणि वितळतात त्या नेमक्या दुसऱ्याच्या अंगावर. नाकाने कांदे सोलावेत तर त्यांनीच. मी लाँड्रीत काम करते हे त्या कुणालाही सांगताना आवाज खाली आणतात, जणू मला काही रोग आहे. त्या खोलीची किल्ली आपल्या पर्समध्ये असावी हे त्यांचं जुनं दुखणं. इस्त्री करायची त्यांना हौस नव्हती. त्यासाठी त्यांच्याकडे मोलकरीण आहे. किल्ली हवी होती.

आणि आमचे फादर. कोवळे आहेत. अंगाला सुवासिक फवारा मारतात, प्रवचनात 'संवाद' हा शब्द आला नाही तर त्यांना अन्न पचत नसावं. महिन्यातून एकदा मी पापनिवेदनाला जाते आणि माझं पाप ठरलेलं असतं. "फादर, मी नवऱ्याला मनातून तुच्छ लेखते." जाळीपलीकडून दर वेळी तेच. "त्यांच्याशी संवाद साधा. आणि तीनदा नमो मारिया." तीनदा नमो मारिया मी म्हणते. संवादाचं काय, भिंतीशी बोलायला मला चर्चची परवानगी लागत नाही.

तर त्या शनिवारी खोलीतल्या इस्त्रीची वायर जळाली. धूर निघाला, वास सुटला आणि इस्त्री थंड. सकाळी मिस्सा होती. मी कधी न केलेली गोष्ट केली आणि वेदीचे कपडे पिशवीत घालून घरी नेले. जेवणाच्या टेबलावर घोंगडी पसरली, वर स्वच्छ चादर घातली आणि कामाला लागले. एका हाताला वेदीचे रुमाल, दुसऱ्या हाताला नवऱ्याचे. त्याचेही पांढरेच असतात, काठाला निळी रेघ तेवढी. रोज एक धुतलेला रुमाल त्याला खिशात लागतो. त्याचीही घडी मी तीन आडवी, तीन उभी, आतल्या अंगाला घालते. मुद्दाम नाही, देवाशपथ. हाताला एकदा वळण लागलं की कपड्याचा मालक कोण हे तो बघत नाही.

मधेच मुलीचा फोन आला. मी आत गेले. बाहेर आले तर हा टेबलाशी बसून चहा पीत होता आणि कप ठेवायला जागा हवी म्हणून दोन्ही गठ्ठे त्याने एकावर एक सारून ठेवले होते. मी घड्यांची टोकं उचलून लाल क्रूस बघून-बघून पुन्हा वेगळं केलं. सगळं केलं असं मला वाटलं. मुलीने नुकतंच सांगितलं होतं की तिला खरंच दिवस गेलेत, आणि डोळ्यांत पाणी असताना माणसाला काय दिसतं? मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्ही आजोबा होणार." त्याने कपातला चहा संपवला. मग म्हणाला, "बरं." आणि कप ठेवून उठला. बरं! आजोबा व्हायला निघालेल्या माणसाचं हे भाषण.

रविवारी सकाळी तो गठ्ठ्यावरचा रुमाल खिशात घालून दुकानात गेला. त्याला सर्दी झाली होती, तरी गेला. मी कपडे घेऊन चर्चमध्ये.

मिस्सेत फादरांनी वेदीवर रुमाल ठेवला आणि घडी उलगडायला घेतली. एक पदर, दुसरा पदर. त्यांचा हात थांबला. मी दुसऱ्या रांगेत होते. मला काठाची निळी रेघ दिसली आणि कोपऱ्यातला गुलाबी डाग दिसला. काच घासायच्या पावडरीचा तो डाग. मी त्या डागावर लिंबू घातलंय, सोडा घातलाय, शिव्या घातल्यात. तो जात नाही. माझ्या नवऱ्याचा नाक पुसायचा रुमाल वेदीवर अंथरला होता.

फादर तरी काय करणार, त्यांनी मिस्सा तशीच पुढे चालू ठेवली. प्रभूला माझ्या नवऱ्याच्या रुमालावर उतरावं लागलं. पहिल्या रांगेत मोठ्या मेणबत्तीची मान हळूच मागे वळली आणि मला शोधून पुन्हा सरळ झाली. त्या दिवशी मी कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला उठले नाही.

मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत आम्ही तिघं. टेबलावर तो रुमाल. प्याल्यातला थेंब सांडून त्याच्यावर आणखी एक डाग पडला होता, गडद.

"हे काय आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं, जणू त्यांच्या घरात रुमालच नसतात.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "घरी इस्त्री केली. अदलाबदल झाली."

"म्हणजे वेदीचा रुमाल कुठे आहे?"

"नवऱ्याच्या खिशात."

"अगं बाई!" त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "आणि त्यांनी त्यात नाक शिंकरलं असेल तर? ते तर चर्चलासुद्धा येत नाहीत!"

नाक शिंकरायला श्रद्धा लागत नाही असं मला म्हणायचं होतं. फादर म्हणाले, "आधी तो रुमाल आणा. त्याचं काय झालंय ते खरंखरं सांगा. मग या जबाबदारीचं बघू." बोलताना त्यांची नजर माझ्या हातातल्या किल्लीवर होती. अध्यक्षीणबाईंची तर तिथून हललीच नव्हती.

रस्ता ओलांडताना माझ्या डोक्यात एकच होतं. किल्ली जाणार की राहणार, ते आता त्याच्या नाकावर. उभ्या आयुष्यात मला त्याच्याकडून एक सरळ उत्तर हवं होतं, आणि उत्तर देणं हा त्याचा धंदा नव्हता.

दुकानाच्या दारात मी थबकले. आतून आवाज येत होता. मऊ, हळू, पुरुषाचा. "टोचतंय का इथे? खरं सांगा हं, मी परत वाकवून देतो. आता वर बघा. आता माझ्याकडे. छान." उंच खुर्चीत एक आजी बसली होती आणि माझा नवरा तिच्या कानामागून दांडी सोडवत होता. एवढी वाक्यं! सलग! मला टोचतंय का असं या माणसाने मला कधी विचारलं नव्हतं, आणि त्या म्हातारीला तो पैसे घेऊन का होईना पण विचारत होता. माझ्या अंगाची लाही झाली.

मला बघितल्यावर तो गप्प झाला. साहजिकच.

"अहो, रुमाल द्या."

त्याने हातातला चष्मा खाली ठेवला, खण ओढला आणि एक काळी डबी काढून पुढे केली. महागाच्या चष्म्याची, आतून मखमल लावलेली. मी उघडली. आत वेदीचा रुमाल. चुरगळलेला नाही, मळलेला नाही, पण चार पदरी घडी घातलेला, बाप्यांच्या खिशात असते तशी.

"उघडलात?"

"हं."

"नाक पुसलंत?"

"नाही. क्रूस दिसला."

"मग सकाळपासून नाक कशाने पुसताय?"

त्याने उजवा हात पुढे केला. शर्टाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत चकाकत होती. गोगलगाय फिरून गेल्यासारखी. शिसारी आली मला. खुर्चीतली आजी खुदकन हसली. "मीच म्हटलं त्यांना, रुमाल नाही का हो तुमच्याकडे? तर म्हणाले, आहे, पण तो बायकोच्या देवाचा आहे."

बायकोच्या देवाचा. बघा! गिऱ्हाइकाला सांगतो. मी त्याच्याकडे बघितलं तर तो मान खाली घालून स्क्रू शोधत होता.

"एवढं कळलं होतं तर आणून का नाही दिलात?" मी म्हटलं. "समोर तर आहे चर्च."

त्याने घसा खाकरला. या खाकरण्याचा अर्थ मला लागला नाही, हा प्रकार नवा होता. मग म्हणाला, "तुझं तिथे बरं चाललंय. मी कशाला मधे."

मला इतका राग आला की डबीचं झाकण मी आपटून बंद केलं. दगड व्हायचं तर माणसाने पुरतं दगड व्हावं. वर्षानुवर्षं कोरडं राहून मधेच कुठेतरी पाझर दाखवायचा आणि बायकोला वेड्यात काढायचं, याला काय म्हणायचं? मी एकटी चालले होते, एकटीची सवय करून घेतली होती, आणि हा म्हणे मधे येत नव्हता. कुणी सांगितलं होतं याला समजूतदारपणा करायला?

मी परत गेले. फादरांनी डबीतून रुमाल काढला. अध्यक्षीणबाईंनी चष्मा सावरून बघितलं. "चार घड्या! म्हणजे उघडला होता."

"हो," मी म्हटलं. "उघडला. क्रूस दिसला म्हणून मिटून डबीत ठेवला. सर्दी झाली आहे त्यांना, तरी यात नाक पुसलं नाही. सकाळपासून बाहीला पुसतायत."

"बाहीला!" त्यांनी नाक मुरडलं. एवढी भक्तीची गोष्ट सांगितली, आणि या बाईला त्यातली बाही तेवढी दिसली. फादर मात्र काही वेळ त्या मखमलीच्या डबीकडे बघत राहिले. वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. त्या एका क्षणात ते मला फादर वाटले सुद्धा. पण चर्चचे नवे लाउडस्पीकर अध्यक्षीणबाईंच्या घरून आलेत आणि फादरांचा आवाज त्यातूनच निघतो.

"तूर्तास किल्ली बाईंकडे असू द्या," ते म्हणाले. "तुम्हीही थोडी विश्रांती घ्या."

विश्रांती! माझा श्वास काढून घेतला आणि म्हणे विश्रांती घ्या. मी किल्ली टेबलावर ठेवली. मोठ्या मेणबत्तीने ती पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली. मग तिने दोन बोटांनी माझ्या नवऱ्याचा रुमाल माझ्याकडे सरकवला. "हा मात्र तुमचा तुम्ही न्या. याला मी हात लावणार नाही."

"त्याच्यावर मिस्सा झाली आहे," फादर घाईने म्हणाले. "वेदीच्या कपड्यासारखाच धुवा. पहिलं पाणी मातीत. परत खिशात जाता कामा नये."

बाहेर पडताना मी तांबड्या दिव्यासमोर गुडघे टेकले. "तू बघितलंस ना?" मी म्हटलं. "सगळं बघितलंस. आणि तूही काही बोलला नाहीस." दिवा जळत होता. आत कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. त्याची ती शांतता मला पहिल्यांदाच अगदी घरच्यासारखी वाटली, आणि घाबरून मी उठले.

घरी आले. हॉटेलातून मला सुट्टी होती, स्वयंपाक करायची इच्छा नव्हती. काचेच्या वाडग्यात पाणी घेतलं आणि रुमाल त्यात बुडवला. द्राक्षारसाचा डाग सुटून पाण्यात पसरला. गुलाबी डाग अर्थातच ढिम्म. वेदीचं जेवढं काम मला आता उरलं होतं, तेवढं हेच. एक निळ्या काठाचा, डाग पडलेला, नाक पुसायचा रुमाल. मी तो सावकाश धुतला, जितका सावकाश धुता येतो तितका. मग वाडगा उचलला आणि खिडकीतल्या कुंडीत पहिलं पाणी ओतलं. मातीने ते पिऊन टाकलं.

वळले तर तो दारात उभा. दुकान इतक्या लवकर तो कधी बंद करत नाही. पायात चपला तशाच, नाक लाल, बाही वाळून कडक झालेली.

"माझा रुमाल," तो म्हणाला.

मुलगी आई होणार म्हटलं तेव्हा 'बरं'. आणि रुमालासाठी दुकान बंद करून घरी! जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं आणि म्हटलं, "तुमचा रुमाल आता तुम्हाला मिळायचा नाही. चुकून तो वेदीवर गेला. त्याच्यावर मिस्सा झाली, प्रभू येऊन गेला त्याच्यावर. आता तो खिशात ठेवायचा नसतो."

तो विचार करत राहिला. एकदा शिंकला. पुन्हा विचार करू लागला.

"डाग होता त्याच्यावर," तो म्हणाला. "माझ्या पावडरीचा."

"हो. आहे अजून."

"त्याला चालला?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता, आजीला टोचतंय का विचारत होता तसाच, वाकून, हळू. माझ्याकडे धारदार उत्तरांचा साठा कमी नव्हता. आयुष्यभर तोच तर केला. त्यातलं एकही हाताला लागेना.

"चालला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग त्याची नजर दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. रिकाम्या खिळ्यावर. तिथे रोज काय लटकतं हे त्याला माहीत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"किल्ली?"

"काढून घेतली."

तो नेहमीसारखा आतल्या खोलीत गेला नाही, खुर्चीत बसला नाही, वर्तमानपत्र घेतलं नाही. तिथेच उभा राहिला, माझ्या समोर. नाक वाहत होतं आणि तो ते वाहू देत होता, कारण कडक झालेली बाही आता पुसायच्या कामाची नव्हती आणि हात त्याला कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. ध्यान नुसतं. इतका बावळट माणूस मी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

टेबलावर कालचा गठ्ठा होता. मी वरचा रुमाल उचलला. तीन आडवे, तीन उभे, आतल्या अंगाला. ती घडी मी माझ्या हाताने मोडली, रुमाल झटकून पुरता मोकळा केला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे," मी म्हटलं, "नाक पूस."